शिरोड्याचे हेडमास्तर आणि कादंबरीचा वेळ

आमच्या महाविद्यालयात लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आणि लिहून झालेल्याची लहान. वाङ्मय मंडळाच्या बैठकीत जो तो मनातल्या कादंबरीविषयी बोलतो, आणि ती कागदावर का येत नाही असे विचारले की एकच उत्तर मिळते : वेळ नाही. हे उत्तर खोटे नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुले पहाटे धारा काढून, वैरण टाकून, मग एस. टी. धरून वडूजला येतात. बटाट्याच्या काढणीत आठ-आठ दिवस बाकावर दिसत नाहीत. मुलींना तर घरचा स्वयंपाक उरकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आमच्या प्राध्यापकांचे तरी काय निराळे आहे? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, शिबिरे, समित्या, अहवाल आणि घरी मुलांच्या शाळा. त्यांच्यापैकी दोघा-तिघांच्या कपाटात अर्ध्यावर सोडलेल्या कथा आहेत, हे मला ठाऊक आहे.

म्हणूनच या अंकासाठी कुणाचे चरित्र लिहावे हा प्रश्न आला तेव्हा मी वि. स. खांडेकर यांचे नाव घेतले. ‘ययाति’कार खांडेकर, ज्ञानपीठाचे मानकरी खांडेकर सर्वांना माहीत आहेत, त्यांच्याबद्दल नवे ते काय सांगणार? मला सांगायचे आहे ते शिरोड्याच्या हेडमास्तरांविषयी. अठरा वर्षे खेड्यातली शाळा चालवणाऱ्या, सतत आजारी असणाऱ्या, अधू डोळ्यांच्या या माणसाने कादंबरीसाठी वेळ आणला कुठून, आणि पुढे वेळ हाती आला तेव्हा त्या वेळेचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे.

भाऊसाहेबांचा जन्म ११ जानेवारी १८९८ चा, सांगलीचा. म्हणजे ते आपल्याच मुलखातले. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली जिथे मराठी नाटकाला आरंभ केला, त्या गावात नाटकाचे वेड पोराटोरांनाही असायचे, आणि गणेश त्याला अपवाद नव्हता. वडील लवकर गेले. घरची ओढाताण होती, पण मुलगा अतिशय हुशार होता. १९१३ साली तो मॅट्रिकला वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. पुण्यात राम गणेश गडकऱ्यांचा सहवास मिळाला. लेखक होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून अधिक काय हवे असते?

पण १९१६ साली चुलत्यांना दत्तक जावे लागले. गणेश आत्माराम यांचे विष्णु सखाराम झाले, आणि पुणे सोडून सावंतवाडीकडच्या नानेली या खेड्यात जाण्याची पाळी आली. दत्तक गेला म्हणजे मुलाचे भाग्य उजळले असे लोक समजतात. इथे उलटे झाले. शिक्षण तुटले ते तुटलेच. पदवी मिळाली नाही. कोकणातल्या हिवतापाने अंग पोखरले. विशीच्या आतबाहेरच्या या मुलाजवळ ना पदवी, ना पैसा, ना प्रकृती, ना पुण्यातले साहित्यिक मित्र. गडकरीही जानेवारी १९१९ मध्ये वारले.

१२ एप्रिल १९२० रोजी खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. शिरोडे हे वेंगुर्ल्याजवळचे समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळी, मिठागरे आणि दारिद्र्य. मुंबई-पुण्यापासून इतके दूर की एखादे मासिक हाती पडायलाही दिवस लागावेत. इथे ते १९३८ पर्यंत राहिले, पुढे मुख्याध्यापक झाले.

खेड्यातल्या खाजगी इंग्रजी शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या जुन्या शिक्षकांना विचारावे. तो शिकवतो, फीचा हिशेब बघतो, इन्स्पेक्टर यायचा म्हणजे दप्तर नीट करतो, शाळेला पैसा कमी पडला की चार प्रतिष्ठितांच्या पायऱ्या झिजवतो, आणि एखाद्या मुलाचा बाप शाळा सोडवायला आला की त्याची समजूत घालतो. दिवस घंटेने तोडलेला असतो. पाऊण तासाहून मोठा वेळ सलग हाती लागत नाही. अशा दिवसात कादंबरी कुठे मावणार?

ती मावली नाहीच. इथे मला पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट दिसते. शिरोड्याच्या पहिल्या दहा वर्षांत खांडेकरांनी एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. म्हणून ते रिकामे बसले का? मुळीच नाही. ‘वैनतेय’ या सावंतवाडीच्या साप्ताहिकात त्यांनी सदोदित लिहिले : टीका, स्फुटे, विनोद, आणि पुढे लघुनिबंध. १९२३ च्या सुमारास त्यांची कथा प्रसिद्ध होऊ लागली. १९२८ साली ‘रंकाचे राज्य’ हे नाटक आले. साप्ताहिकाला दर आठवड्याला मजकूर लागतो, आणि तो शाळेच्या वेळापत्रकात बसेल एवढाच लांबरुंद असतो. मला असे वाटते की खांडेकरांनी वेळेशी भांडण मांडले नाही. जेवढा तुकडा हाती आला तेवढ्यात बसेल असा वाङ्मयप्रकार त्यांनी उचलला. संध्याकाळच्या तासाभरात लघुनिबंध होतो. रविवार आणि त्याला जोडून आलेली एखादी सुट्टी यांत कथा होते. कादंबरीला मात्र मन महिनोन्महिने एकाच घरात राहावे लागते. ते घर त्यांनी दहा वर्षे बांधायला घेतले नाही.

याचा एक परिणाम त्यांच्या कादंबऱ्यांवर कायमचा राहिला, आणि तो केवळ गुण नाही हेही म्हटले पाहिजे. खांडेकरांच्या कादंबरीतली सुभाषितवजा वाक्ये आमच्या आईवडिलांच्या पिढीने वह्यांत उतरून घेतली, लग्नपत्रिकांवर आणि निरोपसमारंभांत वापरली. परंतु पात्र बोलत असताना मध्येच लेखक उपमा घेऊन पुढे येतो आणि कथा क्षणभर थबकते, ही तक्रारही जुनीच आहे. आमच्या वर्गात ‘उल्का’वर चर्चा झाली तेव्हा निम्म्या वर्गाने हेच म्हटले. मला या अलंकारांत लघुनिबंधकाराचा हात दिसतो. ज्याने दहा-बारा वर्षे तासाभराच्या तुकड्यांत लिहिले, त्याला प्रत्येक तुकडा झळझळीत करूनच खाली ठेवण्याची सवय लागते. वेळेचा आकार असा वाक्याच्या आकारात उतरतो.

१९२९ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी उषाताई. १९३० साली पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली, आणि १९३१ साली दुसरी, ‘कांचनमृग’. हा क्रम पाहून मी चकित झालो. आपण समजतो की संसार सुरू झाला की लेखन संपले. इथे संसार सुरू झाला आणि कादंबरी सुरू झाली. कारण काय असावे? एकट्या, आजारी शिक्षकाच्या खोलीला पहिल्यांदा घरपण आले. जेवण वेळेवर मिळू लागले, तापात उशाशी कुणी बसू लागले, आल्यागेल्याचे पाहणारे माणूस घरात आले. हेडमास्तरांच्या दिवसात जो तास वाढला तो कुठून तरी आला असणार. तो उषाताईंच्या दिवसातून आला, असे मी म्हणेन. आपल्याकडच्या लेखकांच्या चरित्रांत हे वाक्य फारसे आढळत नाही. बायको समंजस होती एवढे म्हणून चरित्रकार पुढे जातो. समंजसपणा किती तासांचा होता याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

त्याच १९३० साली मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. गावच्या मिठागरांवर महाराष्ट्रभरचे स्वयंसेवक जमले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. एरवी ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रात येत नसे, ते सगळ्या देशाला कळले. खांडेकरांना विषय शोधायला कुठे जावे लागले नाही. ध्येयवेडा तरुण, त्याला खाली ओढणारे घर, कर्जात बुडालेले कूळ, शिकायची इच्छा असून शाळा सोडावी लागणारी मुले, पोटासाठी तत्त्वे गुंडाळून ठेवणारा मध्यमवर्गीय : हे सारे त्यांच्यासमोर रोज हजेरीला उभे होते. १९३४ साली ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ अशा दोन कादंबऱ्या आल्या. ‘उल्का’ची नायिका एका ध्येयवादी शिक्षकाची मुलगी आहे. ती लिहिणारा माणूस सकाळी खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहत होता. शाळा त्यांचा वेळ खात होती हे खरे, पण ज्यावर लिहायचे तेही शाळाच पुरवत होती.

शिरोड्याची माणसे आजही भिके डोंगरी दाखवतात. खांडेकर तिथे जाऊन बसत, विचार करीत, लिहीत, असे सांगतात. गावात हेडमास्तरला दार लावून घेता येत नाही. कुणी अर्ज लिहून घ्यायला येतो, कुणी भांडण सोडवायला. तेव्हा डोंगरी हाच त्यांचा अभ्यास. आमच्याकडे येरळेच्या काठी असे निवांत कोपरे आहेत, पण तिथे मोबाइल घेऊन जाऊ नये लागते.

या काळात कोल्हापुरात प्रा. ना. सी. फडके एकामागून एक कादंबऱ्या लिहीत होते. तेही अध्यापक होते, पण महाविद्यालयाचे. त्यांची शिस्त, त्यांचे तंत्र, कलेसाठी कला ही त्यांची भूमिका, आणि समोर खांडेकरांची जीवनासाठी कला, हा वाद मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरता पाठ असतो. त्यावर मी जागा घालवणार नाही. एवढेच म्हणतो की ज्याचा सगळा दिवस इतरांच्या मुलांत जातो, त्याने जीवनासाठी कला म्हणावे यात तत्त्वज्ञानापेक्षा दिनक्रमाचा भाग थोडा अधिक असेल.

मग सिनेमा आला. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी खांडेकरांनी ‘छाया’ची कथा लिहिली. तो चित्रपट १९३६ साली आला आणि गाजला. पाठोपाठ ‘ज्वाला’, ‘देवता’ झाले. १९३८ साली अठरा वर्षांची शाळा सोडून ते कोल्हापूरला आले. आता घंटा नव्हती, हजेरीपट नव्हता, इन्स्पेक्टर नव्हता. लेखन हाच धंदा.

पहिली चार-पाच वर्षे पाऊस पडावा तसे पुस्तक पडले. १९३८ मध्ये ‘हिरवा चाफा’ आणि ‘दोन मने’, १९३९ मध्ये ‘रिकामा देव्हारा’, १९४० मध्ये ‘पहिले प्रेम’, १९४२ मध्ये ‘क्रौंचवध’. मधे चित्रपट चालू, कथासंग्रह चालू, लघुनिबंध चालू. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मराठी वाचकांइतकेच गुजराती आणि तमिळ वाचक त्यांना आपला लेखक मानू लागले. आपली अपेक्षा अशी की आता हा माणूस शाळेच्या जोखडातून सुटला आहे, तेव्हा त्याच्या उत्तम कादंबऱ्या यापुढे येतील.

आणि कादंबरी थांबली. ‘क्रौंचवध’ १९४२ सालचा. त्यानंतरची ‘अश्रू’ १९५४ ची. मधली बारा वर्षे कोरडी.

या बारा वर्षांपाशी मी फार अडखळलो. ‘क्रौंचवध’ आला त्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९४२ ला, आमच्या वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक आम्ही जाता-येता पाहतो. ज्या मूल्यांवर खांडेकरांनी पहिल्या कादंबऱ्या उभ्या केल्या ती रस्त्यावर येऊन रक्त सांडत होती. मग महायुद्ध संपले, स्वातंत्र्य आले, गांधीजींचा खून झाला, काळा बाजार आला. ध्येयवादी नायक कुठल्या तोंडाने लिहावा, असा प्रश्न संवेदनशील लेखकाला पडला असेल तर नवल नाही. बहुतेक समीक्षक खांडेकरांच्या मौनाचे कारण असेच देतात आणि ते बरोबर आहे.

पण त्याला जोडून मला आणखी एक कारण दिसते. ते मौन नव्हतेच. त्या बारा वर्षांत ते रूपककथा लिहीत होते, खलील जिब्रानच्या कथा मराठीत आणीत होते, चित्रपट लिहीत होते (‘माझे बाळ’ १९४३ चा), संपादने करीत होते. शिवाय नवोदितांची हस्तलिखिते, प्रस्तावना आणि व्याख्याने होतीच. प्रसिद्ध लेखकाला प्रस्तावना मागायला येणाऱ्यांची रांग शाळेत दाखला मागणाऱ्यांपेक्षा लहान नसते. फरक इतकाच की शाळेचे काम संध्याकाळी संपत असे. घंटा त्रास देई, तशी सोडवणूकही करी. लेखकपणाच्या कामाला घंटा नव्हती. १९४७ साली मास्टर विनायक अकाली वारले आणि सिनेमाचा तो पर्वकाळही ओसरला. पोटाची काळजी, मुलांची शिक्षणे, स्वतःचे दुखणे, सगळे होतेच.

या जागी मला आपल्याच भागातले दुसरे नाव आठवते. अण्णाभाऊ साठे १९२० साली वाटेगावला जन्मले. शाळा जवळजवळ नाही. मुंबईत हमाली, गिरणी, मग लाल बावटा कलापथक, पोवाडे, वग, मोर्चे, आणि रात्री घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत लेखन. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. ‘ययाति’ही १९५९ चीच. आजच्या सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या दोन माणसांनी, एकाने सांगलीच्या पांढरपेशा घरातून आणि दुसऱ्याने वाटेगावच्या मांगवाड्यातून निघून, एकाच वर्षी आपापली सर्वांत मोठी कादंबरी मराठीला दिली. दोघांजवळही वेळ नव्हता, पण दोघांचा नसलेला वेळ सारखा नव्हता. खांडेकरांना डोंगरी होती. अण्णाभाऊंना तीही नव्हती. खांडेकरांच्या कष्टांची गोष्ट सांगताना हा फरक विसरू नये.

‘ययाति’कडे वळतो. पुराणातला राजा सुखाच्या मागे धावतो, मुलाकडून तारुण्य उसने घेतो. खांडेकरांनी ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्याकडून आळीपाळीने सांगवली. इथे मधे येणारा लेखक बराच मागे सरला आहे. वाक्ये तशीच अलंकृत आहेत, पण ती आता त्या त्या माणसाची आहेत. बारा कोरड्या वर्षांचे आणि ‘अश्रू’नंतरच्या पाच वर्षांचे फळ एकदम हाती यावे असे ते पुस्तक आहे. १९६० सालचे साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळाले. १९६८ मध्ये पद्मभूषण आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ.

उषाताईंनी यातले काहीच पाहिले नाही. त्या १९५८ साली वारल्या, ‘ययाति’ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी. दुसऱ्याचे तारुण्य घेऊन आपले आयुष्य वाढवणाऱ्या राजाची कथा ज्या घरात पूर्ण झाली, त्या घरात जवळजवळ तीस वर्षे एका बाईने आपले दिवस देऊन लेखकाचे तास वाढवले होते. हा माझा अर्थ आहे. खांडेकरांनी तो कुठे लिहिला आहे असे माझे म्हणणे नाही. पण ‘ययाति’ पुन्हा वाचताना शर्मिष्ठेच्या भागात मला तो सोडून जात नाही. आमच्या एका प्राध्यापिकांना हे बोलून दाखवले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की तू हे पुरुष लेखकांच्या सगळ्याच पुस्तकांबद्दल म्हणू शकशील.

‘ययाति’नंतर ‘अमृतवेल’ यायला १९६७ उजाडले. डोळे आधीपासून अधू होते, ते आता जवळजवळ गेले. लिहिणे म्हणजे तोंडी सांगणे झाले. त्यासाठी लेखनिक हवा. तो येईल तेव्हा लेखन, तो जाईल तेव्हा थांबणे. तरुणपणी शाळेची घंटा होती, म्हातारपणी दाराची कडी. मधल्या मोकळ्या वर्षांपेक्षा या बांधलेल्या वेळेत त्यांचे मन अधिक रमले की काय, असे वाटण्याजोगे काम त्यांनी या अवस्थेत केले. सत्तरी ओलांडलेला, दृष्टी गेलेला माणूस वाक्य मनात पूर्ण घडवून मगच उच्चारतो. मागे जाऊन खोडायची सोय त्याला फारशी नसते. ज्यांनी एकदा तरी परीक्षेत लेखनिक म्हणून काम केले आहे त्यांना यातला ताण समजेल : सांगणारा थांबला की लिहिणाऱ्याचा हात थांबतो, आणि दोघांनाही खोलीतली शांतता ऐकू येते.

१९७६ साली शिवाजी विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. पदवी न घेता फर्ग्युसन सोडल्याला साठ वर्षे झाली होती. त्याच वर्षी २ सप्टेंबरला मिरज येथे त्यांचे निधन झाले. जन्मगावापासून जवळच. कोल्हापूरला विद्यापीठात त्यांचे स्मृती संग्रहालय आहे. सहलीला अंबाबाई आणि पन्हाळा करणाऱ्या आमच्या वर्गाने पुढल्या खेपेस तिथेही उतरावे.

आत्मचरित्र लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. ‘एका पानाची कहाणी’ या नावाने ते १९८१ साली, त्यांच्यामागे, प्रसिद्ध झाले. ते अपुरे आहे.